हात लांब हवा की पाय घट्ट

साखळीकप्पी मला दिसली नंतर. आधी तिचा आवाज आला. मी सहावीत होतो. वर्गात गुरुजी भुजंगप्रयाताची चाल म्हणून घेत होते आणि रस्त्यापलीकडे माझे वडील जांभ्या चिऱ्याच्या खाणीचे इंजिन ट्रकातून उतरवीत होते. खडाखाड् खडाखाड्, खडाखाड् खडाखाड्. साखळी वृत्तात चालली होती. त्या दिवसापासून कविता आणि वजन उचलण्याचा धंदा माझ्यात जे एकत्र झाले ते सुटले नाहीत.

असा मी, गणपत धोंडू परब, वय एकोणऐंशी, राहणार कट्टा, तालुका मालवण, हे मृत्युपत्र स्वहस्ते व कोणाच्या भरीला न पडता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मन ठिकाणावर नाही, पण त्याचा दाखला कायदा मागत नाही. माझा एकुलता मुलगा मंगेश आज सकाळीच नवा लोडर ठरवायला कोल्हापूरला गेला आहे. तो घाट उतरून येण्याआधी हा कागद पुरा व्हावा, अशी इच्छा आहे. याआधीचे माझे कोणतेही मृत्युपत्र नाही. एकदा लिहायला घेतले होते, ते नदीच्या वर्णनात वाहून गेले.

१. राहते घर, मागची पडवी व विहीर माझी पत्नी तुळसा हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील, तिच्यामागे मंगेशकडे. तिला न विचारता स्वयंपाकघरातली एक खुंटीही कोणी हलवू नये. मी एकदा हलवली होती.

२. काजूची बाग मंगेशला. लोडरसाठी ती गहाण टाकायची झाल्यास माझी हरकत नाही. कोणता लोडर, हे पुढे कलम सहामध्ये.

(मध्येच उठून फाटकापर्यंत जाऊन आलो. मंगेशचा फोन लागत नाही. घाटात कोणाचाच लागत नाही, हे ठाऊक असून पुन्हा लावला.)

३. वडिलांची साखळीकप्पी माझा धाकटा भाऊ महादू याला. ती आता चालत नाही. त्याने ती वापरावी म्हणून देत नाही.

४. माझी शाळेतली कवितांची पुस्तके नात सलोनी हिला. तिने ती मनात वाचू नयेत. मोठ्याने, चालीवर म्हणावीत. शेजारचे हसले तर आवाज वाढवावा.

५. शेजारी अजय याने कुंपणाचा गडगा वाटेत पुढे घेतला, त्यामुळे आमचा ट्रक तीनदा मागेपुढे केल्याशिवाय वळत नाही. त्याच्यावरचा माझा राग मी कोणालाही देत नाही. तो माझ्याबरोबर येईल. मंगेशने अजयशी बोलावे, त्याच्या लग्नकार्याला जावे.

६. आता धंदा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. ट्रकच्या केबिनमागे पोलादी हात बसवतात, त्याला आम्ही लोडर म्हणतो. तो दगड, यंत्र, होडी, काय असेल ते उचलतो. उचलताना ट्रक कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी पाय जमिनीवर टेकतात. हात जवळ असताना जेवढे वजन पेलते तेवढे हात लांब केल्यावर पेलत नाही. भरलेली घागर काखेत घेऊन तळ्यावरून घरी येता येते. तीच हात ताठ करून धरून पाहावी.

मंगेशला लांब हाताचा, हलका लोडर हवा आहे. मला आखूड हाताचा, जड ट्रकाचा, रुंद पायांचा. त्याचे म्हणणे खोटे नाही. आमचे साकव, म्हणजे ओढ्यांवरचे छोटे पूल, अरुंद, वाटा गडग्यांमधल्या.

"बाबानू, तुमचो तो रेडो साकवावरसून जातलो खंय?" तो म्हणतो.

"आणि तुझो बगळो दगड उचलतलो की मासे?" मी म्हणतो.

गेल्या आठवड्यात त्याने ग्रामदेवतेचा कौल घेतला आणि उड्या मारीत घरी आला.

"देवान उजवो कौल दिलो. आता बोला."

"देवाक इचारलंस काय?"

"लोडर घेवचो काय, म्हणान."

"खंयचो घेवचो, ता इचारलंस?"

तो म्हणाला, "देवाक ता कसा कळतला?" मी म्हटले, तेच तर.

पण यापुढचे काम समुद्रकाठी देवबागच्या बंधाऱ्याच्या दगडांचे आहे, आणि देवबागची वाळू मला माहीत आहे. महादूचा पाय तिथेच गेला. बाहेरून भाड्याने आणलेला लोडर होता, हात पूर्ण लांब केलेला. त्याचे लोखंडी पाय रुतू नयेत म्हणून खाली चिरे ठेवले होते. आमचे घर चिऱ्याचे, विहीर चिऱ्याची, तुळशीवृंदावन चिऱ्याचे, म्हणून लोडरच्या पायाखालीही आम्ही चिराच सरकवतो आणि त्यात कोणाला वावगे दिसत नाही. भिंतीत चिरा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. पण वितीएवढ्या जागेवर सगळा भार आला की बिस्किटासारखा फुटतो. तेव्हा फुटला आणि ट्रक कलंडला. महादू बाजूला दोरी धरून उभा होता.

नव्या लोडरचा दांडा मंगेश स्वतः धरणार आहे. म्हणून लिहितो.

धंदा, त्याचे नाव, परवाने व हातातली कामे मंगेशला मिळावीत, ती या अटीवर: लोडर कोणताही असो, आधी देवबागच्या वाळूत, ऐनाच्या लाकडाच्या जाड फळ्यांवर पाय टेकून आणि हात पूर्ण लांब करून त्याने बंधाऱ्याचा दगड उचलून दाखवावा. विक्रेत्याच्या डांबरी अंगणात, हात पोटाशी घेऊन उचललेले मी धरीत नाही. ही परीक्षा न घेता मंगेशने आज पैसे भरले असतील, तर धंदा त्याला मिळणार नाही. तो महादूकडे जाईल आणि महादूने तो बंद करावा.

हे कलम तुळसाला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले.

"झिलाचो, आपल्या मंगेशाचो, धंदो काडून घेतास?"

"झील जितो रवाक होयो म्हणान घेतंय."

"मगे ता तेका सांगाचा. कागदाक कित्याक सांगतास?"

सांगितले होते. काल जेवताना सांगितले, तेव्हा तो ताटावरून उठला आणि सकाळी चहा न घेता गेला. तुळसा म्हणते, मी सांगत नाही, म्हणून दाखवतो. असेल.

७. माझ्या बाराव्याला भाषणे नकोत.

स्थळ: कट्टा, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग
दिनांक: ११ एप्रिल २०२५

साक्षीदार, दोघेही समोरच्या बाकावर बसलेले:
१. धनेश सावंत, निवृत्त शिक्षक, कट्टा
२. गुरुदास मेस्त्री, सुतार, धामापूर

मृत्युपत्र करणाऱ्याची सही: 

सहीची जागा कोरी का, ते लिहून ठेवतो. पेन टेकवले तोच फाटकाबाहेर ट्रक थांबला. मंगेश असेल म्हणून उठलो. दारात एक तरुण बाई उभी होती, पायांत जाड बूट, हातात मोजे. मागे रस्त्यावर तो लांब हाताचा बगळाच उभा होता.

"गणपत परब तुम्हीच का? मी संचिता. कंपनीचा लोडर चालवते, कोल्हापूरहून आले," ती म्हणाली. "मंगेशदादा मागून येतायत. पैसे अजून दिले नाहीत त्यांनी. म्हणाले, बाबांच्या देखत देवबागच्या वाळूत दगड उचलला तर लोडर घेणार, नाहीतर मी तो परत घेऊन जायचा. येताय ना, काका? भरतीच्या आत पोचायला हवं."