कोपऱ्यावरचा मोर

आई, तुझे डोळे माझ्याकडे आलेत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोणाला काचबिंदू होता का, तर मी ताठ बसून म्हणाले, "हो, आईला," जसं काही तुझ्या पाटल्याच मला मिळाल्यात. भावाला तुझा गोरा रंग दिलास, गोड गळा दिलास, आणि मला हे! गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून राखायची, असं त्यांनी समजावून सांगितलं. आधी कडेचं जातं, अंधारातलं जातं. मी मान डोलावली, रिक्षा करून तारनाक्याला घरी आले, कुकर लावला आणि लेकीला फोनवर सांगितलं की चष्म्याचा नंबर बदललाय. खरं कळलं असतं तर तिने त्याच रविवारी येऊन मला भांड्याकुंड्यांसकट उचललं असतं आणि शहराच्या त्या टोकाला, तिच्या उंच इमारतीत नेऊन ठेवलं असतं. तिथे शेजारणीकडे कोथिंबीर मागायला जायचं तरी आधी फोन करावा लागतो. मला माझी गल्ली सोडायची नाही. म्हणून थेंबांची बाटली शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली लपवली. तू कुठे ठेवायचीस गं? तू गेल्यावर बाबांनी तुझ्या डोळ्यांचं सगळं सांगितलं, पण एवढं काही त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आठवड्याभरापासून मला सारखे आपल्या रेल्वे क्वार्टरमधले डिसेंबर आठवतायत. तू ओट्याशी उभी आहेस, मागच्या गल्लीतल्या आंटीने पाठवलेले कलकल बशीत आहेत, शिंपल्यासारखे वळून तळलेले, साखरेत घोळलेले, आणि तू एक तोंडात टाकून म्हणतेस, "शंकरपाळ्यांचे चुलतभाऊच की हे!" आंटीचे यजमान रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या गल्लीत नाताळात एक घर अंधारं नसायचं. कामट्यांचे तारे, त्यांना लाल-पिवळा जिलेटीनचा कागद, आत एक बल्ब, आणि कुंपणावर रंगवलेल्या बल्बांच्या माळा. दिवेलागण झाली की तू पावडर लावून तयार. "चला, तारे बघायला." गल्लीत शिरलं की माझा हात घट्ट धरायचीस. "हं, सांग. काय काय लावलंय?" मी आपली आमच्या भाषेत, "आई, लाइटां बघ ना, भोत चमकतायत!" आणि तू फटकन, "नीट सांग. कुठला रंग? कुठे? किती उंच?" तू पुण्याची, आमचं इथलं हिंदी मिसळलेलं बोलणं ऐकून तुला घेरी यायची. मला वाटायचं, तू माझं मराठी सुधारतेयस.

आणि आंटीच्या अंगणातला तो गोठा! पेरूच्या झाडाखाली गवताचं छप्पर, गव्हाणीत बाळ, गायी, मेंढ्या, मेंढपाळ. पहिल्यांदा बघितलास तेव्हा मोठ्याने म्हणालीस, "अगंबाई, यांचाही किल्ला असतो की! पण पहाऱ्याला कोणीच कसं नाही?" दुसऱ्या दिवशी आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा, ढाल-भाल्यासकट, वाटीत घालून आंटीला नेऊन दिलास. मी लाजेने मेले होते. आंटीने त्याला उलटसुलट करून बघितलं आणि बाळाच्या शेजारी उभं केलं. "भोत अच्छा करे अम्मा, इधर कुत्ते भोत आते." तेव्हापासून दर नाताळात मेंढपाळांच्या घोळक्यात एक मावळा. तिथे गेलीस की आधी वाकून त्याला चाचपायचीस, भाला सरळ करायचीस. तुला दुसऱ्याच्या घरातल्या उशासुद्धा सरळ करायची खोड, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

एका वर्षी मात्र मला कंटाळा आला. मैत्रिणी टीव्ही बघायला जमल्या होत्या आणि मी तुझ्या हाताला लटकून चालले होते. "सगळं मागच्या वर्षीसारखंच आहे," म्हणाले. तू भर गल्लीत थांबलीस. "मग मागच्या वर्षीचं सांग." "तूच बघ ना, आई!" त्यावर तू जे बोललीस ते अजून कानात आहे. "दिवसभर तोंड चालतं तुझं, आणि चार दिवे सांगायला जीभ झिजते का गं?" आवाज असा चढला की लोक वळून बघायला लागले. मी घाबरले आणि म्हणाले, "कोपऱ्यावरच्या घरात मोर आहे, आई. नवीन. दिव्यांचा. पिसारा निळा-हिरवा, गच्चीपर्यंत." तुझा राग तिथल्या तिथे उतरला. "मोर? नाताळात?" खुदकन हसलीस. पुढे दर वर्षी कोपरा जवळ आला की तुझं ठरलेलं, "यंदा मोर आहे का गं?" आणि माझं, "हो, आहे." शेवटच्या वर्षी तुला दम लागत होता, तरी कोपऱ्यापर्यंत आलीस.

मला तुझा राग येतो, आई. अजून येतो. सांगितलं असतंस तर काय झालं असतं? कोणी तुझ्या हातातून लाटणं काढून घेतलं असतं का? बाबा म्हणाले, तुला तीच भीती होती. तेव्हा मी त्यांच्याशी भांडले होते की हा काय वेडेपणा! आणि बघ, माझीही बाटली रिळांखालीच गेली.

तर यंदा लेक आणि नात राहायला आल्या आणि आम्ही तिघी तारे बघायला निघालो. ती गल्ली आता तू ओळखणार नाहीस. घरांवरून दिव्यांचे पडदे सोडलेले, गेटांवर कमानी, माना हलवणारी हरणं. एकाने भिंतभर दिव्यांचं इंजिन केलंय, चाकं फिरतात, धूरही दिव्यांचाच, आणि खिडकीतून सांता हिरवी झेंडी दाखवतो. रेल्वेची माणसं शेवटी! साऱ्या शहरातून लोक येतात, मिरची भज्यांची गाडी लागते, फोटोंसाठी ढकलाढकली. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं. खालचा रस्ता दिसत नव्हता, माणसं अंगावर येईपर्यंत कळत नव्हती, पण प्रत्येक दिव्याभोवती मला एक रंगीत कडं दिसत होतं. एका दिव्याचे जणू दोन. तुलाही असंच दिसायचं का? म्हणून यायचीस होय इतकी हौसेने! मी नातीचा हात घट्ट धरला आणि तोंडातून निघूनच गेलं, "हं, सांग. काय काय लावलंय?"

आंटी आता नाही, पण तिची सून गोठा मांडते. ती आणि लेक गप्पा मारत उभ्या राहिल्या. मी पेरूच्या झाडाखाली वाकले. वरचा तारा झगझगत होता आणि खाली नुसता काळोख. मावळा कुठे? मी हात घातला तो मेंढी पाडली, मग दुसरी. नात ओरडली, "आज्जी, संभाळून ना! सब गिरा रही तू. तुला दिसत नाही का?" गप्पा थांबल्या. लेक माझ्याकडे बघत असणार, तिचा चेहरा काही मला दिसत नव्हता. म्हणू शकले असते की चष्मा घरी राहिला. तयारच होतं वाक्य. पण हात त्या गवतात तसाच होता, मातीच्या मेंढ्यांमध्ये, आणि तो मला माझा वाटेना, तुझाच वाटला. मी म्हणाले, "नाही गं. नाही दिसत."

"कधीपासून?" लेकीने विचारलं. सांगितलं. मग जी काही भडकली! "आई, तू स्कूटीवरून भाजी आणतेस! मला फोनवर चष्म्याच्या गोष्टी सांगतेस! काय समजतेस काय तू स्वतःला?" आंटीची सून मध्ये पडली, "जाने दो ना, तेहवार का दिन है." लेक बोलत राहिली आणि बोलता बोलताच तिने माझा दंड धरला. तेवढ्यात नातीने माझं बोट पकडून एका जागी टेकवलं. "ये देख, आज्जी. हाच ना? भालावाला?" भाला मोडलाय गं, आई. ढाल आहे.

परतताना लेक म्हणाली, "स्कूटीची किल्ली आजपासून माझ्याकडे, बाकीचं घरी बोलू." मी म्हटलं बोलू, पण मी इथेच राहणार. "ते बघू," म्हणाली. आता आठवडा झाला, रोज भांडतोय, पण थेंब रोज ती फोन करून घालायला लावते, आणि बाटली आता टेबलावर असते.

हे जाड स्केचपेनने कॅलेंडरच्या पाठीवर लिहितेय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, तुला काय फरक पडतो, आणि नातीला मराठी वाचता येत नाही. घडी घालून रिळांखाली ठेवीन, जागा रिकामीच आहे. तुला सांगायचं राहिलेलं एवढंच, की कोपऱ्यावर मोर कधीच नव्हता, आई. तिथे एका म्हाताऱ्या माणसाचं घर होतं आणि तो दारात एकच तारा लावायचा. त्या दिवशी परतताना मी नातीला विचारलं, "कोपऱ्यावर मोर आहे का गं?" लेक म्हणाली, "अगं, कुठे..." नातीने माझा हात घट्ट धरला. "हौ आज्जी, आहे ना. इत्ता बडा. निळा."