आकडी लागली की घास

१० जून १९९०
जावई हरीश विमानतळावर दीड तास उशिरा आला, हे आधी लिहिते. देवाचं नाव मागून. चौथी पास बाईला परक्या मुलखातल्या पाट्या वाचता येत नाहीत, एवढं तरी त्याला कळायला हवं होतं. असो, पोचले. कुवेतमधल्या अबू हलीफा गावातला हा फ्लॅट ऐसपैस आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, नळाला पाणी कायम. नात शलाका सहा वर्षांची. गळ्यात पडली आणि इंग्रजीत बोलली. तिची आई, माझी रसिका, फेब्रुवारीत दम्याने गेली. पोरीला बघायला मला बोलावलंय. तिच्याच शाळेच्या उरलेल्या वहीत लिहिते आहे. जेवायला पापलेट होतं. देवगडची चव नाही, पण दोन खाल्ली.

१३ जून
हरीशरावांनी घरात अजगर पाळलाय. काचेच्या पेटीत, दहा फुटी. शेजारी माशांची टाकी. जनावरांना शिकवायचा यांना भारी षोक. काचेवर चमचा वाजवला की मासे तोंड वासून वर येतात. अजगराची रीत वेगळी. पेटी उघडली की त्याला वाटतं खाणंच आलं. म्हणून हात घालायच्या आधी लोखंडी आकडी त्याच्या अंगाला लावायची. आंबे काढायची असते तशीच, पण आखूड. आकडी लागली की तो समजतो, हा घास नव्हे, आणि गप्प पडतो. मंगळवारी कोंबडी द्यायची तेव्हा आकडी लावायची नाही. ते काम माझ्याकडे आलंय, कारण यांची रिफायनरीत पाळी असते.
शलाका सांगते, पप्पांनी टाळी वाजवली की मम्मी चहा आणायची. म्हणजे शाळा जुनीच आहे.

२२ जून
वरच्या मजल्यावर फखरुन्निसा राहते. दापोलीची, बोलणं आपल्यासारखं. आज चहाला बोलावलं, दार लावून घेतलं आणि सांगितलं. रसिका गेली त्या दिवशी, उलट बोलली म्हणून हरीशने तिला न्हाणीघरात कोंडलं होतं. आत तिला दम लागला. तासभर दार वाजवत होती, त्याच्या नावाने हाका मारत होती. हा बाहेर टीव्ही बघत बसलेला. फखरुन्निसा खाली येऊन भांडली तर म्हणाला, "ओ दिली की तिला सवय लागते."
कप विसळून ठेवला आणि खाली आले. रडले नाही. रडून त्याचं काय वाकडं होणार?

२६ जून, मंगळवार
शलाकाला खोलीत बसवून बाहेरून कडी घातली. हरीशच्या धुवायला टाकलेल्या सदऱ्यात कोंबडी गुंडाळली. आधी आकडी लावली, मग कोंबडी पुढे केली. अजगर जरा गोंधळला. मग घेतली. देताना म्हटलं, "रसिका, जेव." या घरात तिचं नाव कुणीतरी घ्यायला हवं.

१७ जुलै, मंगळवार
चौथी कोंबडी. हरीशच्या डबल पाळ्या चालू आहेत, पेटीला हात लावायला त्याला सवड नाही. बरंच आहे. आता आकडी टेकली की अजगर जबडा उघडतो. मी घाई करत नाही. लोणचंसुद्धा मुरावं लागतं.
एक लिहून ठेवते. आज आकडी उचललीच नव्हती, पेटीही बंद होती. नुसतं "रसिका" म्हटलं, तर काचेशी आला. सापाला हाक ऐकू येत नाही, असं हरीशच सांगतो.

३ ऑगस्ट
काल इराकचं सैन्य शिरलं. रस्त्यावर रणगाडे. विमानतळ बंद, दुकानं बंद. कोंबडी मिळत नाही. हरीश घरातच.

१२ ऑगस्ट
अजगर उपाशी. दिवसभर हरीशकडे तोंड करून असतो.
शलाका विचारते, न्हाणीघरात कोण खोकतं. नळ वाजतो, म्हटलं.

१९ ऑगस्ट
आज सकाळी हरीशने पेटी उघडली. आकडी लावली, हात घातला. अजगराने धरला. खांद्यापर्यंत विळखे. "आई, सोडवा" म्हणून ओरडत होता. मी भाकरी उलटली. दुसरी थापली. ओ दिली नाही.
पण शलाका रडायला लागली. तिच्यासाठी उठले, अजगराच्या तोंडात व्हिनेगर ओतलं, सुटला. माझंच मन कच्चं.

२२ ऑगस्ट
पेटी रिकामी. झाकण लावलेलं, वर दाब म्हणून ठेवतो ती वीट जागच्या जागी. घरभर शोधलं. हरीशचा हात सुजून काळा पडलाय, पलंगावरून हलत नाही.
खोकला मलाही ऐकू आला. दुपारी. दोनदा —

२३ ऑगस्ट
न्हाणीघराचं दार आतून वाजतंय. बाहेरून कडी लागलीय. मी लावली नाही —

हाक आली. "हरीश." आवाज माझ्या रसिकाचाच. पण मागे काहीतरी फरशीवर घासत फिरतंय, जड —
हा उशीत तोंड खुपसून पडलाय.

मीच तिचं नाव घेऊन घेऊन अजगराला जेवू घातलं. नाव लागलं त्याला. आता जो ओ देईल तो घास —

दुसरी हाक. "शलाका."
पोर "येस मम्मी" म्हणायला उठली. तिचं तोंड दाबून धरलंय, एका हाताने लिहिते —

कडी हलतेय —

शलाका, तू गप्प. मी पण गप्प. हरीश, ऊठ. तासभर तुलाच हाका मारत होती ती. ओ तू द्यायची. दुसऱ्या कुणी नाही, तूच —