कॉलरचा कागद

प्रिय ठमे,

दुकान आवरायला काढलंय. मशीनच्या खणात बटणं, मोडक्या सुया, खडूचे तुकडे आणि शर्टाच्या कॉलरच्या आकाराचा एक जाड कागद सापडला. तो कापडावर ठेवून मी शेकडो कॉलरी बेतल्या. परवा उलटा केला, तर कडेला तुझ्या तिसरीच्या बाईंची अर्धी सही.

मुलगी आळशी नाही, तिला वेगळ्या पद्धतीने वाचायला शिकवायला हवं, हे सांगायला बाई स्वतः दुकानात आल्या होत्या. तुझ्यासारख्या चार मुलांसाठी खास शिक्षिका येणार होती, रोज तासभर. परीक्षेला जादा वेळ मिळणार होता. मी फक्त फॉर्म भरून द्यायचा होता. तुझी आई नेमकी मामाकडे गेलेली. मी आठ दिवस त्या कागदाकडे नुसता बघत बसलो. मग बाईंना ताठ मानेने सांगितलं, आमच्या घरात असलं काही नाही. कागद चांगला जाड होता, म्हणून कॉलरसाठी कापला.

पुढे तू नववीत दोनदा आपटलीस आणि शाळा सोडलीस. मी चारचौघांत तुला ठोंबी म्हणायचो, तू हसायचीस.

मी गिऱ्हाइकाची मापं मोठ्याने सांगायचो आणि आई वहीत लिहून घ्यायची, आठवतं? लोकांना वाटायचं, काय रुबाब आहे शिंप्याचा. रुबाब कसला, मला वाचता-लिहिता येत नव्हतं. शाळेत पाच वर्षं मार खाऊनही आलं नाही. हे फक्त तुझ्या आईला ठाऊक होतं आणि ती गेली. आज दुसऱ्या माणसाला कळतंय; मी बोलतोय आणि शेजारचे पोस्टमन लिहून घेताहेत. तू हे जावईबापूंकडून वाचून घेशील. घे, त्यांनाही कळू दे.

गेल्या आठवड्यात तू फोन केलास. नातवाच्या शाळेने फॉर्म दिलाय, घरात आणखी कुणाला वाचायला असा त्रास होता का, असं त्यात विचारलंय म्हणालीस. मी म्हटलं, आमच्या घरात असलं काही नाही. तू विचारलंस, माझंही तसंच होतं का, बाबा? आणि मी म्हणालो, छे, तू नुसती आळशी होतीस. ठमे, मी खोटं बोललो. सोमवारी फॉर्म देण्याआधी तिथलं 'नाही' खोड. आजोबा लिही, आई लिही. शाळेने बोलावलं तर मी येईन आणि नातवाच्या बाईंसमोर सांगेन. तू आळशी नव्हतीस गं.

तुझाच,
बाबा

(हा शेवटचा शब्द मी स्वतः लिहिलाय.)