ह्यांच्या शेजारची खुर्ची

१४ नोव्हेंबर १९५८, अमरावती
शुक्रवार. टॉकीजला नवा सिनेमा. हे जाऊन दोन महिने झाले, तरी दु. तीनच्या खेळाच्या वेळेला पाय आपोआप चपलांकडे वळले. जाऊबाई दारातच. "वर्षश्राद्ध तरी होऊ दे गं. लोक काय म्हणतील!" लोक कधीपासून म्हणतच आहेत. जनान्यात न बसता नवऱ्याजवळ पुरुषांत बसते, सारा वेळ त्याच्या कानाशी लागते. ह्यांना दिसेनासं झालं होतं, पडद्यावरचं मी कानात सांगत होते, हे सांगणार कुणाला? सिनेमाचं परीक्षण लिहिणारा आंधळा! हसून लोळले असते.

१६ नोव्हेंबर
वरण ढवळताना तोंडातून निघालं, "मांजर ओट्यावर आलं. दुधाकडे बघत नाही, माझ्याकडे बघतंय." स्वयंपाकघरात मी एकटी. आता ह्यांचा "हं" ऐकू येईल म्हणून पळी तशीच हातात. आला नाही. ते जास्त लागलं.

२३ नोव्हेंबर, अकोला
वाचनालयात ह्यांची शोकसभा. एका तरुण वकिलानं ह्यांचं वाक्य म्हणून दाखवलं: "नायिका रडते, पण तिच्या हातांना ते ठाऊक नाही." टाळ्या. अध्यक्ष म्हणाले, "काय नजर होती!"
वाक्य माझं. अंधारात कानात सांगितलेलं. घरी ह्यांनी लेख सांगितला, मी उतरवून घेतला, त्यात तसंच्या तसं आलं. मान खाली घालून बसले. संताप संताप झाला. मग ह्यांची फार आठवण आली. शंभर गोष्टी बडबडायची मी, त्यातली ठेवायची कुठली ते ह्यांना कळायचं. माझं किती, ह्यांचं किती, आता विचारू कुणाला?

१ डिसेंबर, अमरावती
संपादक आले. सदर बंद ठेवून चालणार नाही म्हणे. ह्यांचं गुपित घरच्यांखेरीज त्यांनाच ठाऊक.
"वहिनी, तुम्ही लिहा. टोपणनाव तेच ठेवू. टोपणनावाला कुठे मरण असतं?"
"आणि माझं नाव?"
हसले. "बाईच्या नावानं सिनेमाचं परीक्षण? वाचणार कोण!"
पुढच्या सोमवारी लेख न्यायला येतो म्हणाले. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

५ डिसेंबर
गेलेच. जाऊबाई दारातून बाजूला झाल्या. बोलल्या असत्या तर बरं.
टॉकीजच्या दारावर तिकिटं बघणारे गुलाबराव. "बाई, तुमच्या दोन खुर्च्या कोनाले देल्ल्या नाही. सायेब येऊन राह्यले असंच वाटते."
त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसवेना. जनान्यात गेले. दिवे गेले आणि माझं सुरू. टांगा थांबला. म्हातारा उतरतोय. टांगेवाला हात देत नाही...
शेजारीण वळली. "कोनाले सांगून राह्यल्या, बाई? आमाले डोये हायेत ना!"
बायका हसल्या. मी पदर तोंडाशी धरला. पडद्यावर नुसती माणसं हलत राहिली. सांगायचं नाही तर बघायचं कसं, तेच येईना. पुढे केव्हातरी रडायला लागले, कुणासाठी ते कळलं नाही. शेजारणीनं पुरचुंडीतले फुटाणे पुढे केले.

८ डिसेंबर
लेख झाला. सिनेमा मला आवडला. ह्यांना आवडला नसता. "बेगडी" म्हणाले असते आणि मीही लगेच "हो ना" म्हणून मोकळी झाले असते.
सकाळपासून पाठीशी कुणी उभं राहून वाचतंय. ह्यांच्या तपकिरीचा वास येतो. वळून बघत नाही. दोनदा "सुरेख" हा शब्द खोडला, दोनदा पुन्हा लिहिला.
संपादक ओसरीवर बसलेत, जाऊबाईंनी चहा दिलाय. खाली टोपणनाव घातलं तर ह्यांच्या तोंडी खोटं जाईल. माझं घातलं तर लेख छापणार नाहीत.
कप खाली ठेवल्याचा आवाज आला. "वहिनी, झालं का?"
"नाव तेवढं राहिलंय," म्हटलं. पाठीमागे तपकिरीचा वास अजून तसाच. टाक शाईत बुडवला आहे.