दोन ठोके, मग एक

३ तारीख
लागलो एकदाचा कामाला! जुन्या दगडी कचेरीची दर्शनी भिंत दुरुस्त करायची आहे. परांचीवरून खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतात. हातोडीने एकेक दगड वाजवायचा. खणखणला तर भरीव. भद्द बोलला तर पोकळ, त्यावर खडूने फुली.
मुकादमाने मला ओळखलं नाही. मी आईच्या तोंडवळ्याचा, दादा वडिलांवर गेलेला. तीन वर्षांपूर्वी दादा इथेच होता. पळून गेला, असं मुकादमाने घरी कळवलं. तो येईल म्हणून आई अजून दाराला कडी लावत नाही. खरं काय ते काढल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

५ तारीख
जोडीचा म्हातारा गवंडी भारी थट्टेखोर. म्हणाला, इतकं हळू वाजवायला हे काय सासऱ्याचं दार आहे?
चौथ्या मजल्यावर खिडकीखालचा दगड पोकळ लागला. फुली मारली, तर आतून ठोके. दोन, मग एक. आधी आम्ही जोडीने कामं करायचो, तेव्हा परांचीवर दादा असंच वाजवायचा. म्हणजे, हात दे, वर ओढ.

६ तारीख
म्हाताऱ्याला खोदून विचारलं. थट्टा जिरली, रडायलाच लागला. भिंतीतला सडका भराव काढायला दादा पोकळीत उतरला होता. वरचे दगड खचले. भिंत फोडली तर काम हातचं जाईल, म्हणून मुकादमाने फोडू दिली नाही. दोन दिवस ठोके येत होते. तिसऱ्या दिवशी सांधे बुजवायला लावले. म्हाताऱ्यानेच बुजवले.

७ तारीख
तो दगड काढला. मुकादमाला म्हटलं, आत काहीतरी पितळेचं चमकतंय. हावरट धावत वर आला, कोपरापर्यंत हात घातला. आतून कोणीतरी धरला.
एवढ्याशा भोकातून अख्खा माणूस गेला. कसा, ते लिहवत नाही. मी बघत उभा राहिलो. मग दगड बसवला, चुना भरला. सांधा सुबक आला.

८ तारीख
मुकादम कुठाय, सगळे विचारत होते. सांगितलं, पळून गेला.

९ तारीख
ठोके थांबले नाहीत. आता माझ्या खोलीत, खाटेलगत. ही भिंत तर भरीव विटांची—
म्हटलं, दादा, सूड घेतला ना? आता काय?
दोन, मग एक.
एक गोष्ट लिहिली नव्हती. इथलं काम मामाने माझ्यासाठी लावलं होतं. मी तापाचं सोंग केलं. माझ्या जागी दादा—

१० तारीख
भिंतीला भोक पडलंय. हाताएवढं.
दादाच आहे. बोटं ओळखीची, गार—
उजवा आत आहे. डाव्याने लिहितोय. खांद्यापर्यंत—
आईला कोणीतरी सांगा, कडी लावून घे, आता कोणीच—