मागणीची बाटली

काचोरा

तीर्थस्वरूप निकानोरमामा यांस, भाचा एदिल्बेर्तो याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. समोरचा पाद्रेयोक डोंगर तुमच्या गुडघ्यांना बळ देवो, मामींच्या खुराड्यातल्या गिनीपिगांची भरभराट होवो आणि आबांकायच्या हवेने तुमचा राग थोडा पातळ होवो. इकडे सगळे खुशाल. म्हणजे आई खुशाल आहे. मला ना झोप, ना एका जागी बसवत.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. कार्निव्हलपर्यंत मागणी घालायला कुणी आले नाही तर नेलिदा लिमाला बहिणीच्या खानावळीत कामाला जाणार. बाबा गेल्यापासून माझ्यासाठी मागणी घालायची ती तुम्हीच, आणि तुम्ही तर तिच्या बापाच्या, गुमेर्सिंदोच्या, अंगणात पाय ठेवणार नाही अशी शपथ घेऊन बसलात. (तुम्ही विकलेले खेचर पूल ओलांडत नाही असे तो म्हणाला, आणि खेचर उत्तम आहे, पूलच घाबरट आहे, असे तुम्ही म्हणालात. गाव अजून यावर दोन तट करून आहे.) म्हणून मी धाकट्या काकाला पाठवायचे ठरवले. उसाची दारू आणली, बाटलीच्या मानेला रिवाजाप्रमाणे लाल लोकर बांधली, सोबत कोकाची पाने गुंडाळली. पण ती घरी ठेवावी तर काकाच आधी संपवणार. (स्वतःच्या मागणीच्या वेळीही त्याने तेच केले होते.) तेव्हा मी ती औषधांच्या पिशवीत दडवली आणि परदेशी पाहुणे घेऊन चोकेकिराओच्या इंका अवशेषांच्या वाटेला लागलो. सामानाला खेचरे कुणाची, ते विचारू नका. गुमेर्सिंदोचीच.

होणारा सासरा मागून चालत असताना वाटाड्याचे काम कसे करायचे, तुम्हीच सांगा. उतारावर मी इतका झपाझप सुटलो की पाहुणे मागे राहिले, मग त्यांना शोधायला तोच डोंगर पुन्हा चढलो. त्यात त्याने तुमच्याकडून घेतलेल्या त्या खेचराचे नाव ठेवले आहे निकानोर. (क्षमा असावी.) आपुरिमाक नदीच्या पुलाशी ते बसले, आणि अर्धी सकाळ दरीभर ‘ऊठ रे निकानोर, आळशा, तुझ्या खानदानात कुणी पूल पाहिला नाही का’ हेच घुमत राहिले. मी भाचा या नात्याने मान खाली घालून उभा. शेवटी त्याने आपल्या न्याहारीचा मका त्याला भरवला, डोळ्यांवर आपल्या अंगावरचा पोंचो टाकला आणि कानात काहीबाही बोलत पलीकडे नेले. एवढा ताप आहे तर विकून टाका, असे मी म्हणालो, तेव्हा त्याने माझ्याशी बोलणेच सोडले. पुढे चोकेकिराओत भिंतीवरच्या पांढऱ्या दगडांच्या लामा प्राण्यांसमोर उभे राहून मी पाहुण्यांना काय सांगितले देव जाणे. इंका राजाला सासुरवास होता, असे एकाने वहीत लिहून घेतलेले मी पाहिले.

संध्याकाळी तंबूंपाशी आलो तेव्हा गुमेर्सिंदो पावसात भिजून कुडकुडत होता. पाहुण्यांत इन्गेबोर्गबाई म्हणून एक जर्मन मास्तरीण होत्या. त्यांना आपल्या भाषेतला एकच शब्द येतो, ‘हो’, आणि तो त्या सढळ हाताने वापरतात. टाचेला पट्टी हवी म्हणून त्यांनी औषधांची पिशवी उघडली, बाटली काढली, कुडकुडणारा माणूस पाहिला आणि पेला भरून त्याच्यापुढे धरला. लाल लोकर पाहून स्वयंपाक्याची पळी तिथेच थांबली. कुणाच्या मुलीसाठी, असे गुमेर्सिंदोने विचारले. बाई म्हणाल्या, हो. माझ्या? हो. त्याने रिवाजाप्रमाणे नकार दिला. माणूस लाजतो आहे असे समजून बाईंनी आग्रह केला. तो पुन्हा नाही म्हणाला, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून पेला आणखी पुढे केला. मामा, इतका शास्त्रोक्त आग्रह आपल्या गावात मी पाहिलेला नाही. नवऱ्या मुलाने तोंड उघडायचे नसते, म्हणून मी सोललेलाच बटाटा पुन्हा पुन्हा सोलत होतो.

त्याने पेला घेतला. चार थेंब धरणीला वाहिले, पेला ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला.

“बाई, तुमच्यात काही खोट नाही,” तो म्हणाला. “पण ज्यानं हा पेला भरायचा, तो तिकडं आबांकायला रुसून बसलाय. त्याच्यासंगं या वाटेवर मी उपाशी झोपलोय. त्याच्या हातनं आला तरच घेईन, नाहीतर पोरगी जाऊ दे लिमाला.”

बाई म्हणाल्या, हो.

मग तो उठून खेचरापाशी जाऊन बसला. मला माझे वाईट वाटत होतेच, पण खरे सांगतो, त्या वेळी तुम्हा दोघांचे जास्त वाटले. असो. मामींना नमस्कार, गुडघ्यांना जपावे.

आपला जिवाला घोर लागलेला भाचा,
एदिल्बेर्तो

ता. क. तुम्ही यावेच असे मुळीच नाही, पत्र केवळ खुशालीचे आहे. शनिवारच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा ड्रायव्हरला सांगून ठेवली आहे.

ता. क. खेचराचे नाव बदलायला मी सुचवून पाहिले. गुमेर्सिंदो म्हणतो, ती हाक मारायची सवय सुटत नाही.

ता. क. मामा, मी नेलिदा. पत्र टाकायला माझ्याकडे दिले, म्हणून वाचले. शनिवारी तुम्ही बसमधून उतरला नाहीत तर रविवारी मीच बाटली घेऊन तुमच्या दारात येईन आणि तुमच्या भाच्याला मागणी घालीन. बाबाही सोबत येतील. तुमच्या अंगणात पाय ठेवणार नाही अशी शपथ त्यांनी कधी घेतलीच नव्हती.