घटाआधी सारवलेली भिंत

आई, यंदाही घट बसवला. तू गेल्यापासून एकही वर्ष चुकवलेलं नाही. पण यंदाचं नीट क्रमाने सांगतो, नाहीतर माझाच गोंधळ होईल. घटाच्या चार दिवस आधी सिंदफणा नदीचं पाणी घरात शिरलं. आम्ही म्हैस घेऊन शाळेच्या ओट्यावर दोन रात्री काढल्या. परत आलो तर घरात गाळ, गोधड्या चिखलात, पोत्यांतली ज्वारी फुगून आंबलेली. रानात तर मातीच राहिली नाही, खालचा मुरूम उघडा पडला. बाबा उंबऱ्यावर बसून म्हणाले, "राहू दे तसंच. पंचनाम्यावाले बघू दे आदी." पण मला तो वास सोसवेना, आणि घट तोंडावर आलेला. मी गाळ उपसला, ज्वारी उकिरड्यात टाकली, गोधड्या धुतल्या, पांढऱ्या मातीने भिंती सारवल्या. भिंतीवर पाण्याची रेघ उठली होती, तीही सारवणाखाली गेली.

तू असतीस तर हेच केलं असतंस. ऊसतोडीला गेलो की राहायची पाचटाची कोपीसुद्धा तू सारवायचीस. एकदा मी चिखलाच्या पायांनी आत आलो. तू मला थंडीत परत बाहेर काढतेस, हातात तांब्या देतेस आणि म्हणतेस, "चार महिन्याचं का असंना, घर हाय ते." शेजारच्या कोप्यांतली माणसं हसतात. मी पाय धुतो, आणि तू पदराने पुसतेस.

तिसऱ्या माळेला तलाठी आले. मांडीपर्यंत चिखल, डोळे लाल. किती गावं फिरून आले होते कोण जाणे. "पाणी आलतं म्हणता, मग खूण कुठं हाय?"

"सारवली, साहेब."

"कावून?"

"घट बसवायचा होता."

त्यांनी वर धरलेला मोबाइल खाली केला. "मग फोटो कशाचा काढू? घटाचा?" परवा शेवटचा फेरा आहे, काही असलं तर दाखव, म्हणून गेले. शेजारचे काका दारातूनच ओरडले, "लई टापटिपीचा बे तू! देवी पावली, सरकार न्हाई पावलं!" मलाही हसू आलं, मग रात्री हिशेब मांडत बसलो. रानाचा पंचनामा वेगळा, तो कधी होईल कोण जाणे; घराच्या यादीत नाव नाही तर मदत नाही, मदत नाही तर खायला ज्वारी नाही. मग दसऱ्यानंतर टोळीबरोबर बाबांनाही कोयता घेऊन यावं लागणार. त्यांचा गुडघा सुजलेला असतो, आई. भिंत धरल्याशिवाय उठता येत नाही.

काकांनीच तोड सांगितली. "चिखल मार भिंतीला. कमरंएवढा मार, फोटू चांगला येतो." घट बसलेला, दिवा तेवतोय, आणि घरात चिखल आणायचा! मी दिव्यात तेल घातलं. बाबा भिंत धरून उठले, नदीकडे गेले आणि लंगडत गाळाचं घमेलं भरून घेऊन आले. मी दोन खिळे ठोकले, दोरी ताणली आणि तिच्याखाली हाताने गाळ फासला. कमरेएवढा नाही, गुडघ्याएवढाच.

ठरल्या दिवशी तलाठ्यांनी फोटो काढला. भिंतीला बोट लावलं, बोट पँटीला पुसलं. "ओली हाय अजून," म्हणाले. त्यांनी खाली मान घालून लिहून घेतलं.

काल यादी लागली, नाव आहे. बाबा यंदा घरी राहतील, मी एकटाच टोळीबरोबर जाईन. बाबांना वाचता येत नाही, तरी तुला लिहिलेला हा कागद घडी करून मी खिशातच ठेवणार आहे. पाणी जिथपर्यंत आलं होतं तिथेच रेघ ओढली, एक बोटही वर नाही, असं मी काकांना सांगितलं, बाबांना सांगितलं. तुला मात्र खरं सांगतो. रेघ नेमकी कुठे होती ते मला आठवत नव्हतं. इतकं नीट सारवलं होतं मी.